सेमिनारला उभं राहण्याआधी

एम.एस्सी.च्या मुलामुलींचे सेमिनार ऐकण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. ज्यांचे सेमिनार फसले त्यांतले बहुतेक अभ्यासात पक्के होते. त्यांनी भरपूर वाचलेलं असायचं, आणि वाचलेलं सगळं वीस मिनिटांत सांगून टाकायची घाई असायची. म्हणून मुलांनो, सगळ्यात आधी एवढं ध्यानात ठेवा: ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडायला हवं ते ठरवल्याशिवाय तयारीला लागू नका. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी एक वाक्य

पीपीटी उघडण्याआधी कोरा कागद घ्या. तुमचा सेमिनार ऐकून गेलेल्या दुसऱ्या स्पेशलायझेशनच्या मुलाने संध्याकाळी हॉस्टेलवर काय सांगावं, ते एका वाक्यात लिहा. विषय रामन स्पेक्ट्रोस्कोपी असेल, तर वाक्य असं होईल: ‘पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि तो किती बदलला यावरून पदार्थ ओळखता येतो.’ हे वाक्य जमत नसेल तर विषय अजून पुरता उमगलेला नाही, असं समजून पुन्हा पुस्तकाकडे वळा. वाक्य हाती आलं की काटछाट सोपी होते. रेझोनन्स रामन, रोटेशनल रामन, पोलरायझेबिलिटीचा टेन्सर, यांतलं जे त्या वाक्याला लागत नाही ते बाजूला ठेवा, कितीही मेहनतीने वाचलेलं असलं तरी.

खुद्द रामन यांनी हा शोध कसा मांडला ते पाहा. २८ फेब्रुवारी १९२८ला कोलकात्यात त्यांना हा परिणाम दिसला आणि १६ मार्चला बंगळुरात त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. आपण एका नव्या प्रकारच्या प्रारणाविषयी बोलणार आहोत, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. या शोधापर्यंत कसे पोचलो तो इतिहास सांगणार असल्याचं दुसऱ्या वाक्यात सांगितलं, आणि तो समजण्यापुरती पायाभूत माहिती आधी दिली. आपल्याकडे मात्र पहिली तीन मिनिटं स्वतःची ओळख, ‘आउटलाइन’ आणि शास्त्रज्ञाचं जन्मसाल यांतच जातात. वर्ग सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकतो ती मिनिटं हीच. ती वाया घालवू नका.

प्रश्नाने सुरुवात करा

हिरा आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट दोन्ही कार्बनच. मग दगडाला ओरखडाही न काढता तो हिराच आहे हे कसं ओळखायचं? असा प्रश्न टाकलात की मागच्या बाकावरचाही मान वर करतो. उत्तर ऐकायची उत्सुकता एकदा जागी झाली की थिअरीही लोक आनंदाने ऐकून घेतात.

आलेख वाचून दाखवा

सेमिनारची खरी परीक्षा आलेखाच्या स्लाइडवर होते. ‘हा हिऱ्याचा स्पेक्ट्रम आहे’ एवढंच म्हणून मुलं पुढे जातात आणि वर्ग तिथेच मागे राहतो. क्रम असा ठेवा. आधी आडवा अक्ष: ‘इथे रामन शिफ्ट आहे, म्हणजे प्रकाश किती बदलला, एकक प्रति सेंटिमीटर.’ मग उभा अक्ष: ‘इथे तीव्रता.’ क्षणभर थांबा. मग रेषेवर बोट ठेवा: ‘हिऱ्याची ही एकच टोकदार रेषा, १३३२वर. चांगल्या ग्राफाइटची ठळक रेषा १५८०च्या आसपास.’ शेवटी अर्थ: ‘५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर वापरला, तर हिऱ्यावरून बदलून येणारा प्रकाश ५७३च्या आसपासचा, पिवळा असतो.’ एवढ्याला दीड मिनिट लागेल, लागू द्या. वीस मिनिटांत असे तीन आलेख नीट समजले तर सेमिनार उत्तम झाला.

आकड्यांनाही अर्थ द्या. ‘सिग्नल वीक असतो’ यातून काही कळत नाही. ‘साधारण कोटीभर फोटॉनांमागे एखादाच असा बदलून येतो’ म्हटलं की लेझर आणि चांगला फिल्टर का लागतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

स्लाइड

वीस मिनिटांना बारा ते पंधरा स्लाइड पुष्कळ झाल्या. मथळ्यात निष्कर्ष लिहा. ‘रिझल्ट्स’ याऐवजी ‘एका रेषेवरून हिरा आणि ग्राफाइट वेगळे ओळखता येतात’ असं लिहिलं, तर क्षणभर डुलकी लागलेल्यालाही धागा सापडतो. पेपरमधली आकृती जशीच्या तशी चिकटवली की अक्षांवरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ती पुन्हा काढा, आणि आकृती कोणाच्या पेपरवरून घेतली ते खाली लिहा. एका स्लाइडवर एकच समीकरण ठेवा आणि त्यातलं प्रत्येक अक्षर काय आहे ते तोंडाने सांगा. स्लाइड वाचून दाखवू नका. वाचता सगळ्यांनाच येतं.

तालीम

मनातल्या मनात केलेली तालीम धरायची नाही. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोला. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी विषय आधी रूममेटला मराठीत समजावून सांगावा. तिथे जे अडखळतं ते भौतिकशास्त्र असतं, भाषा नव्हे. ते मोकळं झालं की इंग्रजी वाक्यं छोटी ठेवली तरी काम भागतं. पहिली चार आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा. मधलं पाठ करू नका, कारण एक शब्द हुकला की पुढची सगळी साखळी तुटते.

घाबरलेला माणूस भरभर बोलतो. मायकेल फॅरडे यांच्यासारखा नामांकित वक्ताही ‘हळू’ असं लिहिलेलं कार्ड मदतनिसाला समोर ठेवायला सांगत असे. तुम्ही मित्राला पहिल्या बाकावर बसवा आणि खूण ठरवून ठेवा.

भीती मात्र वाटणारच. रिचर्ड फाइनमन प्रिन्स्टनला विद्यार्थी असताना त्यांच्या पहिल्या सेमिनारला आइनस्टाइन, पाउली आणि फॉन नॉयमन समोर बसले होते. टिपणं बाहेर काढताना हात कापत होते, पण विषय सांगायला लागल्यावर समोर कोण आहे याचा विसर पडला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. लक्ष विषयावर गेलं की भीती ओसरते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांतही पाहिलंय.

आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये जाऊन प्रोजेक्टर लावून बघा. पेन ड्राइव्हवर पीडीएफची प्रत ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फॉन्ट हमखास बिघडतात. लेझर पॉइंटर थरथरत असेल तर कोपर अंगाशी घट्ट धरा.

शेवट आणि प्रश्न

‘थँक यू’ची स्लाइड टाकून पळू नका. तयारीआधी कागदावर लिहिलेलं ते वाक्य पुन्हा सांगा आणि कोणता प्रश्न अजून सुटायचा आहे तेही सांगा. रामन यांनीही व्याख्यानाच्या अखेरीस अजून किती काम बाकी आहे ते सांगितलं आणि सहकारी के. एस. कृष्णन यांचं ऋण मानलं. तुम्हालाही लॅबमधल्या सीनियरने मदत केली असेल तर नाव घ्या.

प्रश्न आला की पूर्ण ऐका, मध्येच उत्तर सुरू करू नका. मग तोच प्रश्न स्वतःच्या शब्दांत सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगा. त्यात विचार करायला अर्धं मिनिट मिळतं आणि प्रश्न नीट कळलाय का तेही समजतं. उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ असं स्वच्छ सांगा, आणि ते कोणत्या प्रयोगाने शोधता येईल हे सुचत असेल तर जोडा. सरांनी चूक दाखवली तर वाद घालू नका. लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन पुरतं समजून घ्या.

शेवटचं सांगणं असं, की आपला नंबर नसेल त्या दिवशीही सेमिनारला बसा आणि दरवेळी एक तरी प्रश्न विचारा. कुठे आपलं लक्ष सुटलं, कोणता आलेख डोक्यावरून गेला, याची नोंद वहीत करा. चांगलं बोलायला मी याच वहीतून शिकलो. तुमच्या मित्राने मन लावून तयारी केलेली असते, आणि त्याला समोर खरंच ऐकणारं कुणीतरी हवं असतं.