शाकुंतलांतील भ्रमर

नाटकांतील प्रेमविषयक उपमा वाचतांना वर्गांत कित्येकदां हंशा पिकतो, आणि घरीं वडील मंडळींस अशा पाठांची थोडी धास्तीच वाटते. दोहोंचें कारण एकच: अलंकार म्हणजे वरवरची सजावट, हा समज. तो कितपत खरा, हें कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'तील एका भ्रमरावरून पाहूं. हेंच नाटक अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'संगीत शाकुंतल' या नांवानें मराठी रंगभूमीवर आणिलें.

पहिल्या अंकांत झाडांस पाणी घालणाऱ्या शकुंतलेच्या मुखाभोंवतीं भुंगा घिरट्या घालतो, आणि आडोशास उभा असलेला दुष्यंत त्याचा हेवा करितो. भुंगा खराच आहे. परंतु राजाच्या मनांतील अभिलाष त्याच्या रूपानें आपणांस दिसतो.

पांचव्या अंकाच्या आरंभीं अंतःपुरांतील हंसपदिका गाते. तिच्या गीतांतील भ्रमर आंब्याच्या मोहोराचा रस चाखून कमळांत जाऊन राहतो व मोहोरास विसरतो. बोलणें भ्रमरास, रोख राजावर. यास अन्योक्ति म्हणतात. आपल्या धाराशिवकडील शेतांच्या बांधावर मोहोरलेल्या आंब्याभोंवतींची गुणगुण ज्यानें ऐकली आहे, आणि मोहोर सरल्यावरची शांतताही अनुभविली आहे, त्यास या दृष्टांताचें मर्म निराळें सांगावयास नको. राजा हा टोमणा हंसपदिकेच्या रुसव्यापुरता समजतो. प्रेक्षकांस मात्र ठाऊक असतें कीं, दुर्वासांच्या शापामुळें तो शकुंतलेसही विसरला आहे, आणि ती आतां त्याच्याच दाराशीं येत आहे.

सहाव्या अंकांत स्मृति परतते. राजा शकुंतलेचें चित्र पाहतां पाहतां त्यांतील भुंग्यासच दटावूं लागतो. पूर्वीं ज्याचा हेवा केला, त्यासच आतां बंदिवासाचें भय घालतो. हें केवळ चित्र आहे, याची आठवण विदूषकास करून द्यावी लागते!

भ्रमर एकच, पण पहिल्यानें अभिलाष, मग विस्मृति, शेवटीं पश्चात्ताप. म्हणून कोणतीहि उपमा आली कीं विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न विचारावे: कोण बोलतो, कोणास बोलतो, आणि कोणत्या वेळीं? शेक्सपिअरची ज्यूलिएट तर आपल्या प्रियकराची चंद्राची शपथच नाकारिते. कारण चंद्र महिनाभर पालटत असतो. उपमा ऐकून ती भुलत नाहीं, तपासून पाहते.

हीच परीक्षा आमच्या मुलामुलींस शिकवावी, अशी आमची इच्छा आहे. पुढें आयुष्यांत गोड शब्द पुष्कळ कानीं पडतील. त्यांतील मोहोराचा सोबती कोणता आणि झाडाचा कोणता, हें ओळखण्याचा सराव वर्गांतच झालेला बरा.