गरमी डोळ्यांत उतरते तेव्हा

मालवण

चि. बायस,


पुढच्या महिन्यापासून तू कुडाळात ओपीडी बघणार, म्हणून एक गोष्ट आधीच लिहितो.

बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रॉलरवरचा एक खलाशी माझ्याकडे आला. डोळा लाल, उजेड सोसवेना. स्लिट लॅम्पखाली बघितलं, तर बुबुळाच्या काचेला आतून चरबीच्या थेंबांसारखे ठिपके चिकटलेले. मी स्टेरॉइडचे थेंब दिले. उतार पडला, पुन्हा लाल झाला, पुन्हा थेंब दिले. रक्त तपासायला पाठवलं ते तिसऱ्या खेपेला, आणि सिफिलिस निघाला. तोवर डोळ्याची नस गेली होती. घरदार असलेल्या माणसाला असलं कसं विचारायचं, म्हणून मी गप्प राहिलो होतो. अजून सलतं ते.

म्हणून डोळ्याच्या आत सूज दिसली, की सिफिलिसची तपासणी सगळ्यांचीच कर. खलाशी असो, मास्तर असो, देवळातले भटजी असोत. हा रोग पडद्यावर, नसेवर, कुठेही आणि कुठल्याही रूपात येतो. कित्येकदा डोळ्याच्या डॉक्टरलाच तो पहिल्यांदा दिसतो. नुसत्या व्हीडीआरएलवर विसंबू नकोस, जुन्या दुखण्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. टीपीएचए सोबत पाठव, आणि संमती घेऊन एचआयव्हीचीही.

निदान झालं की कमरेतल्या एका इंजेक्शनावर भागत नाही. मेंदूत उतरलेल्या सिफिलिससारखाच उपचार लागतो: शिरेतून पेनिसिलिन, दिवसाला १८० ते २४० लाख युनिट, १० ते १४ दिवस. ते फिजिशियन देतील, पण डोळा तूच तपासत राहा. पेनिसिलिनशिवाय नुसतं स्टेरॉइड कधीच नको. हंगामात कोणी चौदा दिवस दाखल राहायला राजी नसतो. ‘जून-जुलैच्या मासेमारीबंदीत येतो’ म्हणेल. ऐकू नकोस. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर नजर पुष्कळदा परत येते, हे त्याला समोर बसवून सांग.

आपल्याकडे या रोगाला गरमी म्हणतात. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात तो फिरंग्यांच्या नावावर आहे. दोष दुसऱ्याच्या दारात टाकायची ही सवय तेव्हापासूनची. आता तो बायकोवर येतो. तिची तपासणी तर हवीच, पोटुशी असेल तर त्याच दिवशी, कारण बाळालाही हा रोग लागतो. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दोघांना पाठव. मात्र ‘कोणामुळे झालं’ या प्रश्नात तू पडू नकोस.

आणि आपली गावं लहान. बाहेरच्या बाकावर रुग्णाच्याच वाडीतलं कोणीतरी बसलेलं असणार. रिपोर्ट उघडण्याआधी दार लावून घे.

तुझा,
मामा