शब्बीर अली : आघाडीवीर व शिक्षक

दिंडोरीच्या मैदानावर ज्याला त्याला गोल करणारा व्हावेसे वाटते. म्हणून हैदराबादच्या शब्बीर अली ह्यांची हकीकत आम्ही येथे देत आहों. इ. स. १९७४ त बँकॉक येथे ते हिंदुस्थानच्या युवक संघाचे कप्तान होते. अंतिम सामना इराणशी २-२ असा बरोबरीत सुटला व आशियाई अजिंक्यपद उभयतांस मिळाले. पुढे मुंबईस टाटा संघात व कलकत्त्यास ते आघाडीस खेळले. आघाडीवीराची एक संधी हुकली, तर दुसरीत तो स्वतःच उणीव भरून काढतो. शिक्षकास मात्र रेषेबाहेर उभे राहून दुसऱ्यांच्या पायांवर विसंबावे लागते. गोल करण्याची सवय जडलेल्यास हे फार जड जाते, असे आम्हांस वाटते. १९९८-९९ त त्यांच्या शिकवणीखाली वास्कोच्या साळगावकर संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याच्या संघास हा मान प्रथमच लाभला.