बालकांना आफ्रिकेतील गवतखाऊ प्राणी शिकविताना

बालवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात भिंतीवर प्राण्यांचा तक्ता असतो. शिक्षक पट्टी टेकवून विचारतात, "हा कोण?" मुले एका सुरात "झेब्रा" म्हणतात आणि पट्टी पुढे सरकते. नाव पाठ झाले, पण प्राणी कळला काय? आपल्या वस्तीतील मुलांना जनावरे नवीन नाहीत. कुणाच्या दारात शेळी असते, कुणाचे आजोबा गावी गुरे राखतात, गोदाकाठी गाढवे दिसतात. अशी मुले तक्त्यापुढे गप्प राहतात, कारण त्यांना जे ठाऊक आहे ते कुणी विचारीतच नाही. सुरुवात तेथूनच करावी, असे माझे मत आहे.

गाय बसल्या बसल्या काय चघळते, हे विचारा. गुरे राखणाऱ्या घरातले मूल चटकन सांगेल, "रवंथ करते." गाय गवत घाईने गिळते व मागाहून तोंडात आणून बारीक चावते. घोडा व गाढव रवंथ करीत नाहीत. एवढ्यावर पुष्कळ आफ्रिका समजते. झेब्रा हा घोड्या-गाढवांच्या कुळातला, म्हणून तो रवंथ करीत नाही. विल्डबीस्ट दिसायला बेढब, पण गाईच्याच मोठ्या कुळातला. तो रवंथ करतो. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात (हे पुष्कळ पदवीधरांनाही माहीत नसते!), तसेच विल्डबीस्टचे. झेब्र्याला वर-खाली दोन्हीकडे दात असल्याने तो जाड काड्याही कापतो. त्याच्या पोटातून अन्न लवकर पुढे जाते. म्हणून हलके गवत त्याला चालते, मात्र ते भरपूर लागते.

टांझानियातील सेरेंगेटीच्या माळावर याची गंमत दिसते. उंच, राठ गवताचे शेंडे झेब्रे खातात. खालचा पाला मोकळा झाला की विल्डबीस्ट येतात. त्यांच्यामागून, काळविटाच्या कुळातील लहान हरिणे जमिनीलगतचे कोवळे कोंब टिपतात. एकाच माळावर तिघांचे भागते. मुलांकडून वर्गात हा खेळ करवून घ्यावा. कागदाच्या लांब-आखूड पट्ट्या पुरेत.

जिराफ मात्र चरणारा नव्हे. तो शेळीसारखा झाडाचा पाला ओरबाडतो, फक्त शेळीला मागच्या पायांवर उभे राहावे लागते, त्याला नाही. गेंड्यांत तर ओठ पाहूनच ओळख पटते. आफ्रिकेतील 'पांढऱ्या' गेंड्याचा ओठ रुंद व सपाट, तो गवत खातो. 'काळ्या'चा ओठ टोकदार, तो झुडपांची पाने धरतो. रंगाने दोघेही करडेच!

पाणघोड्याच्या नावाने मुले फसतात. पाण्यात राहतो म्हणून तो मासे खात असेल, असे त्यांना वाटते. दिवसभर म्हशीसारखा डुंबणारा हा सुमारे दीड हजार किलोचा प्राणी रात्री काठावर येऊन रुंद ओठांनी गवत तोडतो. एका रात्रीत सुमारे चाळीस किलो. मुंबईच्या राणीच्या बागेत नेलेली मुले त्याचा जबडाच पाहून येतात. तो उघडला म्हणजे ओठ किती रुंद दिसतात ते पाहायला सांगावे.

मुंबईला जाणे न जमल्यास आपल्याच जिल्ह्यात, येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. सकाळी लवकर न्यावे, मुलांना हळू बोलायला सांगावे. बसलेल्या काळविटाचे तोंड हलते आहे का, एवढेच पाहायला लावावे.