‘क्षीरेर पुतुल’मधील वानर : इमान आणि वाणी

१

अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१–१९५१) हे महाराष्ट्रातील वाचकास मुख्यतः बंगाली चित्रशैलीचे प्रवर्तक म्हणून परिचित आहेत. त्यांच्या लेखणीने बंगाली बालसाहित्यास दिलेले देणे त्या मानाने अपरिचित राहिले आहे. कोलकात्यातील जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात, रवींद्रनाथांच्या प्रोत्साहनाने, त्यांनी मुलांसाठी लिहावयास आरंभ केला. १८९५ मध्ये ‘शकुंतला’ प्रसिद्ध झाले आणि लगोलग १८९६ मध्ये ‘क्षीरेर पुतुल’ ही अद्भुतकथा आली. तिचे मूळ कथाबीज रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांनी जमविलेल्या लोककथांच्या वहीतील होते, असे ठाकूर कुटुंबीयांच्या आठवणींत नोंदलेले आहे. म्हणजेच ही कथा एका बाजूने वाड्यातील स्त्रियांच्या कथनपरंपरेतून आलेली आहे आणि दुसऱ्या बाजूने छापील बालवाङ्मयाच्या आरंभकाळात उभी आहे.

शीर्षकातील ‘क्षीर’ शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. बंगाली ‘क्षीर’ म्हणजे मराठी ‘खीर’ नव्हे. आटवून घट्ट केलेले दूध, आपल्याकडील खव्याच्या जवळचा पदार्थ, असा त्याचा अर्थ आहे. त्यापासून बाहुली घडविता येते, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवल्यासच कथेचा कळसाध्याय उलगडतो.

या कथेचा खरा नायक राजा नाही, राजपुत्रही नाही. तो एक बोलणारा वानर आहे. लोककथेतील इमानी प्राण्याची परंपरा या वानरापर्यंत येऊन कोणते वळण घेते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

कथेचा साचा मराठी वाचकास अनोळखी वाटणार नाही. राजाला दोन राण्या, सुओ आणि दुओ. हे शब्द अनुक्रमे ‘सुभगा’ व ‘दुर्भगा’ यांपासून आलेले मानले जातात. आपल्या कहाण्यांतील आवडती आणि नावडती याच त्या. सुओराणीला महाल, दासी, बागा, अलंकार. दुओराणीला पडके घर, फाटके वस्त्र आणि एक मुकी-बहिरी दासी. राजा परदेशी निघताना सुओराणी रत्नांची व वस्त्रांची मागणी करते; दुओराणी मात्र एक ‘पोडारमुख’, म्हणजे जळक्या तोंडाचा, वानर मागते. ‘पोडारमुखी’ ही बंगालीत बायकांना उद्देशून वापरली जाणारी शिवी आहे. नावडत्या राणीने आपल्याला मिळणारी शिवीच जणू राजाजवळ भेट म्हणून मागितली, हा अर्थ बंगाली वाचकास सहज जाणवतो. राजाने सुओराणीकरिता आणलेली मोलाची आभूषणे तिच्या अंगाला येत नाहीत. कवडीमोलाने आणलेला वानर मात्र दुओराणीच्या घरात लेकरासारखा वाढतो.

हा वानर बोलू लागतो. राणीच्या डोळ्यांतील पाण्याचे कारण तो विचारतो आणि तिचे गतवैभव परत आणण्याचा विडा उचलतो. राजाकडे जाऊन तो राणीला दिवस गेल्याची वार्ता देतो. ती वार्ता खोटी असते. पुढे पुत्र झाल्याचे सांगतो, तेही खोटेच. विवाहापूर्वी राजाने पुत्राचे मुख पाहू नये, अशी अट घालून तो वर्षे लोटतो. मध्यंतरी सुओराणी सवतीवर विषप्रयोग करविते, त्यातून तो राणीला वाचवितो. अखेर विवाहाचा दिवस येतो, तेव्हा राणीकडून क्षीराची बाहुली करवून घेऊन तिलाच तो नवरदेव म्हणून पालखीत बसवितो.

३

या वानराची विशेषता कळण्यासाठी इमानी प्राण्याची जुनी रूपे पाहणे इष्ट ठरेल. पंचतंत्र-हितोपदेशाच्या परंपरेतील पशुपक्षी अखंड बोलतात. मराठी छापील गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक असलेला ‘हितोपदेश’ कोलकात्याजवळील श्रीरामपूर येथेच १८१५ मध्ये मुद्रित झाला, हेही येथे स्मरणीय आहे. परंतु याच परंपरेतील सर्वांत इमानी प्राणी, म्हणजे बाळाला सर्पापासून वाचविणारे मुंगूस, मात्र माणसांशी बोलत नाही. रक्ताने माखलेले तोंड घेऊन ते धन्यापुढे येते आणि मारले जाते. त्याच्यापाशी इमान आहे, पण त्याची साक्ष देणारी वाणी नाही. आणि त्याच्या मृत्यूचे कारण हेच आहे. नीती सांगणारे प्राणी बोलके आणि निष्ठा पाळणारा प्राणी मुका, अशी ही वाटणी आहे.

मराठी व्रतकहाण्यांत याच्या पुढची पायरी आढळते. ऋषिपंचमीच्या कहाणीत पूर्वजन्मीची माता कुत्री होऊन व पिता बैल होऊन मुलाच्याच घरी राहतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सर्पाचे गरळ पडलेले कुत्री पाहते आणि ब्राह्मण मरू नयेत म्हणून पात्राला तोंड लावते. सुनेच्या हातचा मार तिला खावा लागतो. तिलाही घरच्या माणसांपुढे बोलता येत नाही. रात्री ती आपले दुःख बैलापाशी सांगते आणि ते मुलाच्या कानी पडते. जिवतीच्या शुक्रवारच्या कहाणीत गायवासरू असेच आपापसांत बोलतात आणि त्यातून राजाला स्वतःच्या जन्माचे रहस्य उमगते. दोन्ही ठिकाणी प्राण्यांना वाचा आहे, पण ती माणसाला उद्देशून नाही. ती चोरून ऐकलेली वाचा आहे. म्हणूनच ती निःसंशय सत्य मानली जाते.

अवनींद्रनाथांचा वानर या दोन्ही पायऱ्या ओलांडतो. तो माणसांशी बोलतो, प्रत्यक्ष राजाशी बोलतो, आणि जे बोलतो ते असत्य असते. मुंगसापाशी सत्य होते, वाणी नव्हती. या वानरापाशी वाणी आहे, सत्य नाही. तरीही बालवाचक त्याला लबाड म्हणत नाही, इमानीच म्हणतो. याचे कारण कथेच्या रचनेत शोधावे लागते.

४

दुओराणीच्या पडक्या घराचे वर्णन पुन्हा पाहिले असता एक तपशील लक्ष वेधतो. तिला दिलेली दासी मुकी आणि बहिरी आहे. राणीचे ऐकावयास कोणी नाही, तिच्या वतीने बोलावयास कोणी नाही. राजा आणि तिच्यामध्ये शब्दांचा पूलच उरलेला नाही. अशा निःशब्द घरात वानराला वाचा फुटते. ही वाचा केवळ अद्भुताची करामत नसून जिचा शब्द राजदरबारी पोहोचत नाही, अशा स्त्रीचा तो शब्द आहे. प्राण्याचे बोलणे हे येथे धनिणीच्या मौनाचे दुसरे रूप होय.

येथे रामायणाची आठवण अपरिहार्य ठरते. काळ्या तोंडाच्या वानरांचा संबंध लंकादहनाशी जोडणारी लोकसमजूत बंगालप्रमाणे महाराष्ट्रातही आहे. दुरावलेल्या पतिपत्नींमध्ये ये-जा करणारा वानर हा भारतीय श्रोत्याच्या मनात हनुमंतच असतो. परंतु हनुमंताजवळ खुणेची मुद्रिका होती. या वानराजवळ कोणतीच खूण नाही. त्याने दिलेला शब्द पुढे खरा करून दाखविणे, एवढाच मार्ग त्याला मोकळा आहे. त्यामुळे त्याचे असत्य हे फसवणुकीपेक्षा ऋणासारखे भासते. क्षीराची बाहुली ही त्या ऋणाची शेवटची मुदत होय.

ही मुदत दिग्‌नगरच्या वडाखाली, षष्ठीतळी, संपते. भुकेली षष्ठीदेवी पालखीतील बाहुली खाऊन टाकते. वानर तिला पकडतो आणि बाहुलीच्या बदली खरा मुलगा मागतो. षष्ठी ही बंगालमधील अपत्यदात्री व बालरक्षक देवता. महाराष्ट्रात हे कार्य विभागलेले दिसते : सटवी बाळाचे भाग्य लिहिते आणि तिचे भयही वाटते, तर जिवती राखण करते. देवीने दिलेल्या दिव्यदृष्टीने वानर मुलांचे एक अद्भुत राज्य पाहतो. येथे अवनींद्रनाथांनी बंगाली अंगाईगीतांतील व बडबडगीतांतील सारी सृष्टी गुंफली आहे. रवींद्रनाथांनी ही गीते जमवून त्यांवर लेखन केले ते याच दशकात, १८९४ च्या सुमारास. आणि अवनींद्रनाथांनी स्वतः ‘बांगलार व्रत’ (१९१९) या ग्रंथात स्त्रियांच्या व्रतांचा अभ्यास पुढे केला. त्या अभ्यासाची चाहूल या प्रसंगात लागते. देवीही भुकेली असते, तिचीही अडवणूक करता येते, ही व्रतकथेतीलच श्रद्धा आहे. वानर त्या राज्यातून एक मुलगा निवडतो आणि असत्य सत्य होते.

५

कथेच्या शेवटाची खरी अपूर्वता एका तुलनेने स्पष्ट होईल. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या ‘ठाकुरमार झुलि’ (१९०७) मधील कलावती राजकन्येच्या कथेत बुद्धू नावाचा वानर आणि भूतुम नावाचे घुबड हे राण्यांच्या पोटी जन्मलेले पुत्र आहेत. त्यांची कातडी जाळली जाते आणि ते देखणे राजपुत्र म्हणून प्रकट होतात. तेथे पशुत्व हे आवरण आहे. इमानाचे पारितोषिक मनुष्यत्व आहे. ‘क्षीरेर पुतुल’मध्ये तसे घडत नाही. वानर वानरच राहतो. दुओराणीने ज्याला पुत्रवत् वाढविले, तोच आपल्या जागी बसविण्यासाठी दुसरा मुलगा शोधून आणतो. इमानाची ही परिसीमा लेखकाने कोठेही शब्दांत सांगितलेली नाही; बालवाचकाला ती न सांगताच कळते.

याच ठिकाणी कथेची मर्यादाही दृष्टीस पडते. नावडत्या राणीला मान मिळतो तो पुत्रामुळे. पुत्राशिवाय तिचे मोल राजाला पटत नाही, आणि कथा हा न्याय बदलत नाही. वानर राजाच्या न्यायाविरुद्ध भांडत नाही, त्या न्यायाला हुलकावणी देतो. आपल्या कहाण्यांतील नावडतीलाही व्रताच्या आधारेच सुख मिळते. फरक इतकाच, की तेथे ती स्वतः वसा घेते, उतत नाही, मातत नाही. येथे तिच्या वतीने एक मुका समजला जाणारा जीव वसा घेतो.

मात्र कथेने नोंदविलेले एक सत्य उरतेच. ज्या घरात राजाचा शब्द पोहोचतो आणि राणीचा पोहोचत नाही, त्या घरात वानराने ‘आई’ म्हणून मारलेली हाक कथेतील कोणत्याही देवदत्त पुत्राच्या आधीची आहे. राजाला पुत्रप्राप्ती शेवटी होते. दुओराणीला ती वानर घरी आला तेव्हाच झालेली असते.