बोट ठेवून दाखव

इंद्रायणीनगर, भोसरी
सोमवार, रात्री

चि. अक्षय,


काल फोनवर म्हणालास, "मामा, कंबर धरलीय, बेल्ट घेतलाय." मागं हॉर्नचा गोंगाट होता, तळेगाव चौकात बस अडकली असणार, म्हणून मी आवरतं घेतलं. पण बेल्ट ऐकल्यापासून चैन नाही.

आधी एक काम कर. जिथं दुखतं तिथं एक बोट ठेव. आपल्याकडं बरगडीखाली आणि गुडघ्याच्या वर काहीही दुखलं की कंबरच म्हणतात. या एका शब्दापायी माझं दीड वर्ष गेलं.

2010 साल. मी प्रेस शॉपला होतो. चालताना उजवा पाय ओढायला लागला. डॉक्टरला सांगितलं कंबर, त्यांनी कंबरेचा एक्स-रे काढला, मणक्यात गॅप म्हणाले, बेल्ट दिला. मग गुडघा ठणकायला लागला. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. तोवर मोजा घालायला पाय वर येईना, सेफ्टी शूजची लेस तुझी मामी बांधायची. पंगतीत मांडी घालता येईना, तर मी म्हणायचो वय झालं. वय होतं 43! शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं ते दाखवा." मी हात ठेवला तो असा: अंगठा मागं कुल्ल्यावर, बोटं पुढं जांघेत. ते म्हणाले, "तोंडानं कंबर सांगताय, हात खुबा दाखवतोय." खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात उतरतं, हे मला तेव्हा कळलं. एमआरआय केला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तपुरवठा तुटून सुकत आला होता. सुरुवातीला हे साध्या एक्स-रेत दिसत नाही.

त्यांचा पहिला प्रश्न, दारू किती? दुसरा, पुड्या घेता का? दारू मी घेत नव्हतो, पुड्या घेत होतो. दम्यासाठी, ओळखीच्या एकाकडून, दोन वर्षं. पुडी पोटात गेली की छाती मोकळी, चेहरा भरलेला, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. ती स्टेरॉइडची सूज होती, आणि त्यानंच खुबा सुकवला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, मोजून घेतलेलं स्टेरॉइड वेगळं, त्याला घाबरू नकोस आणि ते मनानं बंदही करू नकोस. पण तुझ्या रूमवर कोणी सांधेदुखीची पुडी किंवा जिमवाल्याचं इंजेक्शन घेऊन आला, तर त्याला माझ्याकडं पाठव. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनची खूण दाखवतो.

आता तुझं. बोट जांघेत गेलं आणि बाइकवर टांग टाकताना कळ येत असेल, तर खुबा तपासून घे. जांघेत कधी हर्नियाही असतो, खोकताना फुगवटा येतो का बघ. बोट बाजूच्या टणक हाडावर गेलं, त्या कुशीवर झोपवत नसेल, तर ते बहुतेक कुल्ल्याच्या स्नायूंचं दुखणं. कंपनीत लाइनवर तू एका पायावर रेलून उभा राहत असणार, सगळेच राहतात. दोन्ही पायांवर उभा राहा, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घे आणि दोन-तीन महिने तरी कर. आठवड्यात गुण येत नाही, म्हणून पोरं सोडून देतात. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील तर नस. पहिल्यांदा मागच्या खिशातलं ते जाड पाकीट काढ.

तू एक गोष्ट सहज बोललास, ती मला झोपू देईना. पहाटे चारला दुखून जाग येते, आणि लाइनवर तासभर काम केलं की बरं वाटतं. हे उलटं आहे. कामानं आलेलं दुखणं विसाव्यानं उतरतं. विसाव्यानं वाढणारं आणि हालचालीनं उतरणारं दुखणं, तेही पंचविशीच्या पोराला, म्हणजे मणक्याचा वात असू शकतो. तो कधी या कुल्ल्यात दुखतो, कधी त्या. डोळा लाल होऊन दुखलाय का कधी? तसं असेल तर बेल्टनं काही होणार नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायला लागेल. त्यावर औषधं आहेत, पण लोक पाच-पाच वर्षं बाम चोळत बसतात.

मामी शेजारी बसून सांगतेय ते सूनबाईसाठी लिहितो. ती वायरिंगच्या लाइनवर आहे ना? रिलिव्हर मिळत नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. मग जळजळ, ओटीपोट दुखणं. आणि पाळीत अंथरूण धरावं लागत असेल, तर 'बाईच्या जातीला असतंच' हे कोणाचं ऐकू नको, माझंसुद्धा, असं मामी म्हणते. गर्भाशयाबाहेर अस्तर वाढतं, गाठी होतात, सोनोग्राफी करून डॉक्टरबाईंना दाखव. बाळंतपणानंतर कुल्ला दुखतो तेही सांग, त्याचे व्यायाम वेगळे.

आणि एक, हे दोघांना. जांघांमध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी कळेनाशी झाली किंवा पाय लुळा पडला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. वायसीएमला रात्रीही तातडीचा विभाग चालू असतो. पडल्यावर उभं राहता येत नसेल तरी तेच.

पैशाचं म्हणशील, तर पगारपत्रकात ईएसआय कापलेलं आहे का बघ. पगाराच्या 0.75 टक्के जातात. मोहननगरचं विमा रुग्णालय त्याच योजनेचं आहे. डॉक्टरांनी रजा लिहून दिली, तर नियमात बसणाऱ्याला वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. कॉन्ट्रॅक्टवर आहेस म्हणून हक्क जात नाही. ठेकेदार "कार्ड येईल" म्हणत टोलवतो, तर विमा क्रमांक माग, कार्ड नको.

गुरुवारी तुमची सुट्टी. नऊपर्यंत ये, उपाशी येऊ नकोस, मामी पोहे करणार आहे. पाटावर मांडी घालून बस, मग बोट ठेवून दाखव. बेल्ट पिशवीतच ठेव आणि पावती फेकू नकोस. दुकानदार परत घेतो का ते मी बघतो.

तुझा,
मामा