हुर्राक प्यायला येताय, तर...

अगं, आधी रजा टाकून मग भट्टी शोधायला निघू नकोस. मुंबई-ठाण्याकडची सगळी असंच करतात. हॉटेल धरून होतं, तिकिटं निघतात आणि मग मला फोन येतो, "मामा, हुर्राक मिळेल ना?" काजूचा बोंडू तुमच्या सुट्ट्या बघून गळत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला काजू पिकू लागतो, मार्च-एप्रिलात झाडाखाली सडा पडतो आणि मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, भट्ट्या विझतात. तेवढ्यात काय ते उरकायचं. माझं मत विचारशील तर एप्रिलचा पहिला पंधरवडा. मार्चात सत्तरीत शिगमो असतो. घोडेमोडणी, रोमटामेळ बघण्यासारखा, पण गावच्या गाव मांडावर असतं, भट्टीवर कोण भेटेल याचा भरवसा नाही. गुड फ्रायडेला जोडून येणारी सुट्टी टाळा, तेव्हा गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि मतदानाचा, म्हणजे दारू बंद असण्याचा, दिवस तर नाही ना, तेवढं बघून घ्या.

फेणी सगळ्या गोव्यात मिळते, पण ती आणि तिच्या आधी निघणारा हुर्राक कसे होतात ते बघायचं तर किनारा सोडून आत शिरावं लागतं. सत्तरीत जा. शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या धरा, सकाळी थिवीला उतरा, तिथून ड्रायव्हरसकट गाडी करा आणि डिचोली, साखळी, होंडा करत वाळपईला पोचा. ड्रायव्हरसकट म्हणतोय, ते जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे, आणि हुर्राकाचा पेला त्या मर्यादेची भीड ठेवत नाही. दोन दिवसांत पाच भट्ट्या करायचा बेत असेल तर आत्ताच खोडून टाका. एक भट्टी, जास्तीत जास्त दोन. एकाच ठिकाणी दोनदा गेलात तर जे दिसेल ते पाच ठिकाणी एकेकदा जाऊन दिसायचं नाही.

कारण काम दोन दिवसांत विभागलेलं असतं. बोंडू झाडावरून काढत नाहीत, पिकून खाली पडलेलाच वेचतात. बायका टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन फिरतात, बोंडू टोचून उचलतात, बी पिळून वेगळी करतात. शनिवारी तुम्हाला हे बघायला मिळेल. मग जांभ्यात कोरलेल्या उथळ डोणीत बोंडू पायाने तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय, पण पायाने तुडवणारे अजून आहेत. विचारून त्यांच्याकडेच जा. तुडवून झालं की चोथ्याचा ढीग रचतात, वेलीने आवळतात आणि वर दगड ठेवतात. रात्रभर त्यातून थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो निरो. तो रविवारी पहाटे प्यायचा.

सासूबाई येणार म्हणतेस, मुलंही असतील. त्यांची सहल निरोवरच होऊ दे. त्यात दारूचा अंश नसतो, गोड असतो, मागून घशाला किंचित तुरट लागतो. फक्त सकाळी सकाळी प्यायचा. ऊन चढलं की तो आंबायला लागतो. बाटलीत भरून झाकण घट्ट लावलंत आणि गाडीत ठेवलंत, तर दुपारी झाकण आपलं आपणच उडेल.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबू देतात. त्यात पाणी नाही, साखर नाही, बाहेरचं विरजण नाही. मग भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, घालून खाली काजूची लाकडं पेटवतात. वाफ नळीतून जाते, पाण्यात गार होते आणि पलीकडच्या भांड्यात हुर्राक पडायला लागतो. हुर्राक साधारण पंधरा टक्क्यांचा. तोच पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून भाणात चढवला की फेणी, चाळिशीच्या पुढची. भट्टीवाला टक्के बोलत नाही, तो 'ग्राव' सांगतो. हुर्राक चौदा-सोळा ग्राव, फेणी एकोणीस-वीस. तुम्ही आकडा विचारलात की तो काचेचा काटा पेल्यात सोडून दाखवेल. त्याआधी बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघेल. जुने लोक काट्यापेक्षा त्या बुडबुड्यांवर जास्त विसंबतात, आणि मीही.

भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो. गावात चौकशी करून परवान्याच्याच भट्टीवर जा, आणि आदल्या गुरुवारी फोन करून भाण कधी चढणार ते विचारून ठेवा. रोज चढतंच असं नाही. तिथे जाल तेव्हा पहिला तास काही न पिता बघत बसा. कामात मध्ये मध्ये जाऊ नका, मोबाइल ज्याच्या त्याच्या तोंडासमोर धरू नका. धुराचा आणि आंबट रसाचा वास कपड्यांना लागतो, तो दोन धुण्यांत जातो. बोंडूचा डाग मात्र जात नाही. पांढरं काही घालू नका. आणि मुलांना बजावून ठेव, कच्ची काजूबी दाताने फोडायची नाही. सालातल्या तेलाने ओठ भाजतात.

आता जरा लक्ष देऊन ऐक, हे कोणत्याही सहलीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. सत्तरीत २०१५ पासून आणि आमच्या दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडताप आहे. गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि त्याचा हंगाम म्हणजे नेमका काजूचाच हंगाम. बागेत वेचणाऱ्या माणसांनाच तो जास्त झालाय. म्हणून बागेत शिरताना पूर्ण बाह्या, लांब पँट, पायात मोजे, आणि पायांना-हातांना कीटक पळवणारं तेल. पाल्यावर बसायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, गावात सांगा. संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ आणि एकमेकांच्या माना, काखा, गुडघ्यामागची जागा तपासा. ठाण्याला परतल्यावर आठ-दहा दिवसांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं की काजूच्या बागेत होतो. त्यांना ते कसं सुचणार?

पिण्याचं सांगतो. हुर्राक भट्टीवर पहिल्यांदा नुसता, दोन घोट, चव कळण्यापुरता. मग हवं तर लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. गोव्यात सगळे असाच पितात. तो सरबतासारखा उतरतो, तिथेच माणूस फसतो, त्यात एप्रिलचं ऊन. रिकाम्या पोटी नाही, दुपारी बारा ते चार नाही, आणि दर पेल्यामागे एक पेला पाणी. हुर्राक आणि फेणी एकाच संध्याकाळी नको. फेणी रात्री जेवणाआधी, थोडीशी, सोड्याबरोबर. सोबत भाजलेला सुका बांगडा मिळाला तर माझी आठवण काढा. खोकल्याला फेणी, पोटदुखीला फेणी असं तिथले म्हातारे सांगतील. ऐकून घ्या, मुलांना देऊ नका.

हुर्राक टिकत नाही, हंगाम संपला की तोही संपला. फेणी टिकते, पण खरी आहे का ते बघावं लागतं. तळहातावर चार थेंब घ्या, चोळा, स्पिरिट उडू द्या आणि मग वास घ्या. पिकलेल्या बोंडूचा वास हातावर राहिला पाहिजे. नुसता औषधी झणका आला आणि निघून गेला, तर बाटली परत ठेवा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली राज्य सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. पण मानांकन बाटलीवर छापता येतं, वास छापता येत नाही. नारळाची फेणी वेगळी. ती रेंदेर माडावरून काढतो त्या सुराची, म्हणजे माडीची, ती दक्षिणेकडे आणि वर्षभर. त्यासाठी पुन्हा कधीतरी या, या खेपेला तिचं नाव काढू नका.

रविवारी दुपारी वेळ उरतो. ज्यांना हौस आहे त्यांनी कांदोळीचं फेणीचं संग्रहालय बघावं, जुने वेताने मढवलेले काचेचे गराफांव तिथे रांगेने मांडलेत. पणजीत फोंतेन्हासच्या जोसेफ बारमध्ये हुर्राकही मिळतो, पण भट्टीवर बसून आल्यावर तिथे मला तरी काही नवं वाटत नाही. संध्याकाळच्या गाडीआधी थिवी गाठायचीय, हे लक्षात ठेवा.

आणि परत येताना बाटली आणायची नाही. गाडीने आमच्याकडे सावंतवाडीला वाकडी वाट करून येणार असाल तर इन्सुलीचा नाका लागतो. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली तर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो, एक बाटली असली तरी. "घरच्यासाठी आहे" हे तिथल्या शिपायाने आजवर इतक्यांकडून ऐकलंय की तुझं वाक्य तो पुरं करून देईल. आणायचंच असेल तर सुराचा व्हिनेगर आणा, दोन बाटल्या. एक तुला, एक तुझ्या मामीला. भाजके काजू मात्र तिथून घेऊ नका. ते मी आपल्या ओळखीच्या कारखान्यातून ठेवतो, किती किलो हवेत ते आधी कळव.